जुन्या युरोपियन बालपुस्तकांमधली परकी माणसं

शाईदौत

हल्ली जुनी बालपुस्तकं स्कॅन करून इतक्या लायब्रऱ्यांनी नेटवर टाकलीत की सतराव्या-अठराव्या शतकातलं मुलांचं पुस्तक घरबसल्या पानन्‌पान बघता येतं. मला मूळ आवड छपाईची, म्हणजे लाकडी ठसे, तांब्याच्या प्लेटा, हाताने रंगवलेली पानं वगैरे. पण ते बघता बघता एका गोष्टीपाशी अडकलो ती अडकलोच, की युरोपाबाहेरची माणसं या पुस्तकांनी मुलांना कशी दाखवली. त्याबद्दल इथे लिहितोय, तुम्हीही भर घाला.

सुरुवात चेक शिक्षणतज्ज्ञ कमेनियसच्या 'ऑर्बिस पिक्टस'पासून करायला हवी. १६५८, न्युरेंबर्ग. मुलांसाठी मुद्दाम चित्रं घालून केलेलं पहिलं मोठं पुस्तक म्हणून याचं नाव घेतात. वर लाकडी ठशाचं चित्र, चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा, खाली लॅटिन आणि जर्मन शेजारी शेजारी, मुलाने आकडा बघायचा आणि शब्द शिकायचा. बेकरी, पुस्तकबांधणी, मध गोळा करणं, न्हाव्याचं दुकान, सगळं इतक्या प्रेमाने दाखवलंय की मी तासन्‌तास बघू शकतो. आणि त्याच पुस्तकात धर्मांची प्रकरणं आहेत, मूर्तिपूजकांच्या प्रकरणात ग्रीक-रोमन देवांची यादी येते आणि मग एका वाक्यात सांगून टाकलंय की इंडियन लोक अजूनही सैतानाची पूजा करतात. विषय संपला. न्हाव्याच्या वस्तऱ्याला जेवढा तपशील मिळाला तेवढा अख्ख्या लोकांना नाही. दुसऱ्याच वर्षी लंडनला इंग्लिश आवृत्ती निघाली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुलं यावर शिकली.

दुसरं पुस्तक म्हणजे बेर्टुखचं मुलांसाठीचं चित्रपुस्तक. जर्मनीतलं वायमार, १७९० ते १८३०, बारा खंड, हजाराच्या वर प्लेटा, सगळ्या तांब्यावर कोरलेल्या आणि हाताने रंगवलेल्या. हा बेर्टुख मोठा व्यापारी डोक्याचा माणूस, गोएथेच्या वर्तुळातला. प्रस्तावनेत तो आग्रहाने म्हणतो की मुलांसमोर चांगली आणि बरोबर चित्रंच यायला हवीत कारण लहानपणी डोळ्याला जी सवय लागते ती लागते, आणि पुस्तक खेळण्यासारखं वापरू द्या, चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवू द्या असंही म्हणतो, १७९० साली! मला हा माणूस मनापासून आवडतो. पण पुस्तकाची रचना बघा. एका पानावर पक्षी, पुढे फुलं, मग खनिजं, मग एखादी प्राचीन वास्तू, आणि मग 'माणसं आणि पोशाख'. माणूस रिकाम्या जमिनीच्या तुकड्यावर उभा, आजूबाजूला घर नाही, गाव नाही, पोरंबाळं नाहीत, हातात भाला किंवा टोपली, आणि खाली कुठल्या जमातीचा ते. म्हणजे शेजारच्या पानावरचा पोपट जसा उभा आहे तसाच. चित्रात कुठे चेष्टा नाही, रंग सुरेख, चेहरे बहुतेक वेळा सभ्य, आणि तरी मुलाला जे शिकायचं ते तो शिकतोच, की ही माणसं 'बघायची' आहेत.

मला या सगळ्यातून हेच म्हणायचंय. आपण अशा चित्रांत आधी जाड ओठ, वटारलेले डोळे शोधतो. त्याच्याही आधी बघायला हवं ते हे की तो माणूस चित्रात कुठे उभा आहे आणि काय करतोय. काही काम करतोय का, कोणाशी बोलतोय का, की नुसता उभा आहे.

चिंचोका

फार आवडला धागा. मी मिशनरी नियतकालिकांवर थोडं काम केलंय म्हणून तिथली भर घालते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये खास मुलांसाठी मिशनरी मासिकं निघायची, उदा. लंडन मिशनरी सोसायटीचं १८४४ पासून, पानं छोटी, किंमत अगदी कमी, आणि प्रत्येक अंकात लाकडावर कोरलेलं एखादं चित्र. त्यात हिंदुस्थान म्हणजे ठरलेली तीन-चार दृश्यं. जगन्नाथाच्या रथाखाली झोकून देणारे लोक, सती, पाठीत आकडा अडकवून फिरवलेला माणूस (आपल्याकडचं बगाड, साताऱ्याकडच्या लोकांना सांगायला नको), आणि सगळ्यात जास्त चाललेलं म्हणजे गंगेच्या काठावर उभी राहून तान्ह्या बाळाला मगरीकडे फेकणारी आई.

आता हे सगळं हवेतून आलं नव्हतं हेही सांगायला हवं. गंगासागरला नवस फेडायला मुलं पाण्यात सोडायचा प्रकार होता, आणि वेलस्लीने १८०२ मध्ये कायदा करून तो बंद केला. सतीबंदी १८२९ ची. पण चित्रं थांबली नाहीत! बंदी येऊन कित्येक दशकं झाली तरी मगरवाली आई नव्या नव्या अंकांत छापली जातच होती, अमेरिकेत तर फारच. कारण त्या चित्राला काम होतं. शेजारी मुलांसाठी आवाहन असायचं, खाऊचे पैसे मिशनच्या डबीत टाका. १८४४ मध्ये 'जॉन विल्यम्स' नावाचं अख्खं जहाज ब्रिटिश मुलांनी जमवलेल्या पैशांतून पॅसिफिकला गेलं. म्हणजे आठ वर्षांच्या मुलीला ते चित्र बघून रडू येणार, ती पेनी देणार, आणि तिच्या मनात हिंदुस्थानातली आई ही कायमची अशी. त्या मुलीचं रडू खरं होतं हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

वाळूघड्याळ

शाईदौत, तुम्ही छपाईवाले आहात म्हणून विचारतो, ही चित्रं काढणारे तिथे गेलेले असायचे का?

शाईदौत

बहुतेक नाही, आणि हीच तर मुख्य गोम आहे. गोव्याचंच उदाहरण घ्या. लिन्स्खोटेन नावाचा डच तरुण १५८३ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपचा कारकून म्हणून आला, काही वर्षं राहिला, परत गेल्यावर १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमला त्याचं 'इटिनेरारिओ' निघालं. त्यात गोव्याचा बाजार, पालखीतले पोर्तुगीज, छत्री धरणारे नोकर, ब्राह्मण, कानडी शेतकरी, सती, अशी मोठमोठी चित्रं आहेत. त्याने स्वतः स्केचेस केली होती म्हणजे हा निदान डोळ्यांनी बघितलेला माणूस. पण प्लेटा कोरल्या त्या व्हान डोटेकम भावांनी, तिकडे हॉलंडात बसून, त्यामुळे शेतकऱ्याची पोटरी बघावी तर रोमन पुतळ्याची. मग तीच चित्रं फ्रँकफर्टच्या दे ब्री कुटुंबाने आपल्या प्रवासमालेत पुन्हा कोरून घेतली. तिथून पुढे कोणीही उचलावीत, पोशाखांची पुस्तकं, नकाशांच्या कडा, आणि शेवटी मुलांची पुस्तकं. मुलांच्या पुस्तकाला बजेट सगळ्यात कमी, त्यामुळे तिथे नवं चित्र कोण काढून घेणार, जुनंच लहान करून, तपशील गाळून वापरायचं. दोनशे वर्षांपूर्वीचा गोवेकर म्हणजे 'आजचा हिंदुस्थानी'.

आणि एक गंमतशीर तांत्रिक गोष्ट. छापील चित्र बघून जसंच्या तसं प्लेटवर कोरलं की छापताना ते उलटं येतं, आरशासारखं. काही कोरणारे काळजी घेऊन आधी उलटवून घ्यायचे, पण घाईच्या कामात कोण घेतो. मग तलवार डाव्या हातात जाते, आणि जानवं घातलेला माणूस असेल तर त्याचं जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर. म्हणजे आपल्या हिशोबाने तो माणूस श्राद्धाला बसलाय! आपल्याकडचं चार वर्षांचं पोरसुद्धा आजोबांकडे बघून सांगेल की हे उलटं आहे, आणि ॲमस्टरडॅम, फ्रँकफर्ट, लंडन कुठेच कोणाला दिसणार नाही, कारण बघणाऱ्यांत तो माणूसच नाही.

भरतवाक्य

माहिती उत्तम आहे पण थोडा वेगळा सूर लावतो. आजच्या चष्म्यातून तेव्हाच्या लोकांना झोडपणं सोपं आहे. माहितीच नव्हती हो त्यांच्याकडे. फोटो नाहीत, प्रवास महाग, चित्रकाराला सांगितलं की आफ्रिकन काढ तर तो काय करणार. काळच तसा होता असं म्हणून पुढे जावं असं मला वाटतं. आपल्याकडे तरी जुन्या चित्रांत 'यवन' आणि 'फिरंगी' कसे काढलेत ते बघा.

शाईदौत

भरतवाक्य, मुद्दा प्रामाणिक आहे म्हणून नीट उत्तर देतो. माहिती नव्हती हे काही वेळा खरं. पण रॉबिन्सन क्रूसोचा फ्रायडे घ्या, म्हणजे बेटावर क्रूसोने वाचवलेला आणि मग त्याचा नोकर झालेला माणूस. डीफोने १७१९ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलंय, केस लांब, काळे, सरळ, कुरळे नाहीत, रंग काळा नाही तर तांबूस-सावळा, नाक लहान पण आफ्रिकन लोकांसारखं चपटं नाही, ओठ पातळ. तो कॅरिबियन बेटांकडचा माणूस आहे. हे सगळं त्याच पुस्तकात, चित्राच्या दोन-चार पानं अलीकडे पलीकडे छापलेलं. आणि तरी मुलांच्या आवृत्त्यांमधून वर्षानुवर्षं फ्रायडे आफ्रिकनच काढला गेला. इथे माहिती कमी नव्हती, हातात होती. वाचायची गरज वाटली नाही, कारण गुडघ्यावर बसून गोऱ्या माणसाचं पाऊल डोक्यावर घेणारा माणूस कसा दिसतो हे चित्रकाराच्या मनात आधीच पक्कं होतं. आणि शेकडो प्रसंग असलेल्या त्या कादंबरीतून मुलांसाठी कुठला प्रसंग पुन्हा पुन्हा निवडला गेला तेही बघा, तोच पाऊल डोक्यावर ठेवल्याचा.

दुसरं म्हणजे चांगलं काढणं तेव्हाही शक्य होतं. जॉन व्हाइटने १५८५ च्या सुमाराला आजच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या लोकांची जलरंगात चित्रं केली, त्यात माणसं मासे पकडतायत, मका शिजवतायत, नवरा-बायको समोरासमोर बसून जेवतायत, आणि एका चित्रात आईबरोबर एक छोटी मुलगी आहे, तिच्या हातात इंग्लिश बाहुली. म्हणजे कोणीतरी तिला दिली असणार. ते चित्र बघितलं की ती मुलगी लक्षात राहते. दे ब्रीने १५९० मध्ये यातली बरीच कोरून छापली, म्हणजे नमुना बाजारात होता.

राईनकाठ

मी फ्रँकफर्टजवळ राहतो, इथे 'श्ट्रुवेलपेटर' घराघरात असतं, त्याचं म्युझियमही आहे. लेखक हाइन्रिख होफमान, डॉक्टर, १८४४ च्या ख्रिसमसला तीन वर्षांच्या मुलासाठी चांगलं पुस्तक मिळेना म्हणून स्वतःच लिहून-चितारून काढलं आणि १८४५ ला छापलं. त्यात काळ्या मुलांची गोष्ट आहे. एक काळा मुलगा उन्हातून छत्री घेऊन चाललाय, तीन गोरी पोरं त्याला चिडवतात, निकोलास नावाचा मोठा माणूस समजावतो की त्याचा रंग त्याच्या हातात नाही, पोरं ऐकत नाहीत, मग तो तिघांना उचलून भल्यामोठ्या दौतीत बुचकळतो.

इथले अनेक लोक म्हणतात की अहो ही तर वर्णद्वेषाविरुद्धची गोष्ट आहे, १८४५ मध्ये! आणि हेतू तसाच आहे यात मला शंका नाही. पण शिक्षा काय, तर काळं होणं. माझी मुलगी किंडरगार्टनमधून ही गोष्ट ऐकून आली तेव्हा तिने मला विचारलं की मग तो पहिला मुलगा कोणी बुचकळला. त्यावर मी काय बोलणार. तेव्हापासून मी ते पुस्तक अनेकदा बघितलं, आणि शाईदौत म्हणतात तसं 'काय करतोय' हे बघितलं तर, तिन्ही गोऱ्या पोरांना नावं आहेत, लुडविग, कास्पर, विल्हेल्म, त्यांच्या हातात वस्तू आहेत, ती ओरडतात, पाय झाडतात. काळ्या मुलाला नाव नाही आणि अख्ख्या गोष्टीत बोलायला एक शब्द नाही. चिडवलं जाणं एवढंच त्याचं काम.

शेजारी हॉलंडमध्येही तेच. यान शेंकमान या शिक्षकाने १८५० मध्ये सिंट निकोलासचं चित्रपुस्तक काढलं, त्यात संताबरोबर एक काळा नोकर आला, तोही तिथे बिननावाचाच. पुढे त्याचं 'ज्वार्टे पीट' म्हणजे काळा पीट हे पात्र झालं, आणि सिंट निकोलासच्या सणाला गोरे लोक तोंडाला काळं फासून ते करतात यावरून तिथे अनेक वर्षं भांडणं झाली.

पाटीपेन्सिल

मी शिक्षिका आहे. वाचताना सारखं आमचं लहानपणीचं भूगोलाचं पुस्तक डोळ्यासमोर येत होतं. एस्किमो, पिग्मी, बदाऊनी, किरगीझ, प्रत्येकाचं एक चित्र, रिकाम्या जमिनीवर उभा, बाजूला इग्लू नाहीतर उंट. अगदी तुम्ही बेर्टुखबद्दल लिहिलंय तसंच! आम्ही पाठ करायचो, एस्किमो काय खातात, पिग्मींची उंची किती. त्यांच्यातलं कोणी शाळेत जात असेल हे कधी मनातही आलं नाही. आणि आजही गॅदरिंगला 'आदिवासी' म्हटलं की कंबरेला पानं आणि तोंडाला काळा रंग, ज्या तालुक्यात निम्मी मुलं ठाकर-कातकरी समाजाची आहेत तिथल्या शाळेतही मी हे बघितलंय, आणि ती मुलं पहिल्या रांगेत बसून बघत होती. मी बोलले तेव्हा. फार कोणाला आवडलं नाही, पण पुढच्या वर्षी बसवला नाही तो नाच.

चिंचोका

पाटीपेन्सिल, बरं केलंत बोललात. +१००.

वाळूघड्याळ

'लिटल ब्लॅक साम्बो'बद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? त्याचा तर थेट आपल्याशी संबंध. हेलन बॅनरमन ही स्कॉटिश बाई, नवरा इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये डॉक्टर, सुमारे तीस वर्षं हिंदुस्थानात काढली. हे डॉक्टर बॅनरमन पुढे परळच्या प्लेग लॅबोरेटरीचे प्रमुख होते, म्हणजे आजची हाफकिन. गोष्ट लिहिली १८९८ मध्ये, मद्रासकडच्या एका रेल्वेप्रवासात, आपल्या मुलींसाठी, चित्रंही तिचीच. १८९९ ला लंडनमध्ये छापली.

आता गोष्टीत काय आहे बघा. वाघ आहेत, बाजार आहे, आणि वाघ झाडाभोवती पळून पळून वितळतात त्याचं होतं तूप, तिने 'घी' हा शब्दच वापरलाय, मग आई त्या तुपात पॅनकेक तळते आणि पोरगा १६९ खातो! जागा हिंदुस्थानच, दुसरी कुठली. पण चित्रातला मुलगा आणि त्याचे आईवडील मात्र तेव्हाच्या इंग्लंड-अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या विनोदी चित्रांच्या वळणावर काढलेले. जी बाई इतकी वर्षं रोज तमिळ मुलं बघत होती तिला मुलाचं चित्र काढताना ती मुलं आठवली नाहीत. शाईदौत, तुमच्या फ्रायडेपेक्षा हे जास्त बोलकं आहे, कारण इथे लेखक आणि चित्रकार एकच.

तरी एक गोष्ट त्या पुस्तकाच्या बाजूने सांगतो आणि मनापासून सांगतो. त्याच १८९९ साली लंडनला 'ॲन एबीसी फॉर बेबी पेट्रियट्स' नावाचं मुळाक्षरांचं पुस्तक निघालं, मिसेस अर्नेस्ट एम्सचं. त्यात आय फॉर इंडिया, म्हणजे पूर्वेकडचा 'आपला' देश जिथे सगळे वाघ मारायला आणि मेजवान्या झोडायला जातात. तिथे वाघ साहेबाचा, देश साहेबाचा. बॅनरमनच्या गोष्टीत वाघांना पुरून उरतो तो छोटा मुलगा, एकटा, कोणी साहेब त्याला वाचवायला येत नाही. अशी बालकथा त्या काळात दुसरी दाखवा. गोष्ट त्या मुलाला डोक्यावर घेते आणि चित्र त्याला खाली पाडतं. तिने हक्क पाच पौंडांना विकून टाकले, मग अमेरिकेत कोणीही वाटेल तशी चित्रं घालून छापलं आणि ती चित्रं मूळच्यापेक्षा कितीतरी वाईट.

निवडुंग

एवढं सगळं वाचून एक व्यवहारातला प्रश्न. माझा मुलगा सात वर्षांचा. घरात माझ्या भावाची जुनी टिनटिनची सगळी चित्रकथा-पुस्तकं आहेत, 'टिनटिन इन द काँगो' पण. एनिड ब्लायटनचं नॉडीपण आहे, जुन्या आवृत्तीतलं, गॉलिवॉगवालं (काळ्या माणसाची चेष्टा करणारी ती बाहुली). काय करू? लपवू की वाचू देऊ?

भरतवाक्य

लपवू नका असं माझं मत. मी वर जे म्हटलं त्याला फ्रायडेचं उदाहरण चांगलं उत्तर आहे हे मान्य, तरी पुस्तकं गायब करणं मला पटत नाही. टिनटिनचा लेखक-चित्रकार हर्जे, त्याने स्वतः 'काँगो'च्या १९४६ च्या रंगीत आवृत्तीत बदल केले होते. मूळ १९३०-३१ मध्ये टिनटिन काँगोतल्या मुलांना शाळेत शिकवतो, तुमचा देश बेल्जियम म्हणून. नंतर तिथे साधं बेरजेचं गणित आलं. माणसं मात्र तशीच काढलेली राहिली. म्हणजे वाक्य बदलणं सोपं, चित्र बदलणं अवघड. हे मुलाला दाखवता येईल, पण सात म्हणजे लहान आहे, दहा-अकराला दाखवा.

राईनकाठ

मी थोडा असहमत. एकट्याने चाळायला सात वर्षांच्या मुलाच्या हातात नको. चित्राला वाद घालता येत नाही, ते सरळ आत जातं. भारतात राहणाऱ्या मुलाचं एक आहे, तो काँगोवालं पुस्तक वाचताना स्वतःला टिनटिनच्या जागी ठेवतो, झोपडीतल्या माणसांच्या नाही. माझ्या मुलीला इथे तसं करता येत नाही, वर्गात सगळे तिच्याकडे बघतात. म्हणून आपल्याकडे हे पुस्तक 'निरुपद्रवी' वाटतं.

शाईदौत

निवडुंग, माझं मत राईनकाठ यांच्या जवळ जातं. काँगो आत्ता कपाटात वर ठेवा, टाकून देऊ नका. साम्बोची गोष्ट मात्र आत्ताच वाचून दाखवू शकता, कारण १९९६ मध्ये अमेरिकन चित्रकार फ्रेड मार्सेलिनोने तीच गोष्ट, जवळजवळ तेच शब्द ठेवून, 'लिटल बाबाजी' नावाने पुन्हा चितारली. मुलगा हिंदुस्थानी, आई ममाजी, वडील पापाजी, वाघ भन्नाट. आणि मुलगा मोठा झाला की मूळ चित्रं शेजारी ठेवून दोन्ही दाखवा, एकही शब्द न समजावता. फरक तोच सांगेल.

पाटीपेन्सिल, ते किरगीझ-पिग्मीवालं भूगोलाचं पुस्तक कोणाच्या माळ्यावर असेल तर पानांचे फोटो टाका ना. ती चित्रं मुळात कुठल्या ब्रिटिश पुस्तकातून आली का ते मला बघायचंय. कोपऱ्यात कोरणाऱ्याची किंवा ब्लॉकमेकरची सही असते कधीकधी, ती दिसेल असा जवळून फोटो हवा.

पाटीपेन्सिल

आईकडे माळ्यावर बहुतेक आहे. दिवाळीत गावी जाणार आहे तेव्हा काढते, कव्हर आणि छापखान्याचं पान पण टाकते.